गजभिये आणि नदीपलीकडचा पाइप

गजभिये चहा प्यायच्या आधी ग्लास हातात गोल गोल फिरवत बसायचा. चहावर साय धरली तरी मनगट थांबायचं नाही. कँटीनवाला म्हणायचा, "साहब, शक्कर कब की घुल गई." मग तो ओशाळायचा, एक घोट घ्यायचा आणि पुन्हा फिरवायला लागायचा. ही त्याच्या लॅबची सवय होती. काचेच्या चंबूत पाणी घ्यायचं, वरून औषध थेंब थेंब सोडायचं आणि चंबू हलवत राहायचं. लाल पाणी एकाएकी निळं होतं, तिथं हात थांबवायचा. त्यावरून त्याला पाण्यातला खार समजायचा. सारी नोकरी अशी गेली, मग चहाच्या ग्लासानं काय पाप केलं?

मी शाळेत तिसरीपर्यंत गेलो. तिसरी पास झालो नाही. पण जबलपूरहून पाटणला जाणाऱ्या रस्त्याला आमचं जे बिजलीघर होतं, तिथल्या कूलिंग टॉवरचा एकेक व्हॉल्व्ह मला हातानं ओळखता येत होता, डोळे मिटून. हे मी फुशारकीनं सांगत नाही. सांगतो अशासाठी, की गजभियेवर लिहायचा माझा हक्क कुठून येतो ते कळावं. तो शिकलेला केमिस्ट, मी व्हॉल्व्हवाला. वयानं मी मोठा. तो मला दादा म्हणायचा, मी त्याला गजभिये जी. बाकी सारे त्याला साहेब म्हणत. माझ्या तोंडून तो शब्द निघाला नाही, आणि त्यानं कधी वाट पाहिली नाही.

दोघांचीही घरं मूळची विदर्भातली. त्याचे वडील भंडाऱ्याकडून रेल्वेत आले, माझे वर्ध्याकडून शेती सोडून. जबलपुरात दोन मराठी माणसं भेटली की पहिलं विचारतात, गाव कोणतं. गजभिये वेगळंच विचारायचा. कोणाच्याही घरी गेला की पायरीवरूनच विचारायचा, "पाणी कुठलं आहे तुमच्याकडे?" नळाचं, बोरचं की विहिरीचं. राइट टाउनमधल्या एका डॉक्टरांकडे गजभियेच्या मुलीच्या लग्नाची बोलणी करायला आम्ही गेलो होतो. तिथंही त्यानं हेच विचारलं. डॉक्टरीणबाई माझ्याकडे पाहायला लागल्या. मी म्हटलं, चुकीचं समजू नका, माणूस चांगला आहे. ते स्थळ जमलं, हेही सांगून टाकतो.

माझ्या पोराच्या लग्नाचा स्वयंपाक पनागरला होता. अकरा वाजून गेले तरी डाळ शिजेना. आचारी लाकडं ढोसून ढोसून लाल झाला होता आणि डाळवाल्या बनियाच्या नावानं बोटं मोडत होता. वऱ्हाडी येऊन बसले होते. माझं डोकं भणभणून राहिलं होतं. गजभिये मांडवामागे गेला, टँकरमधलं पाणी ओंजळीत घेतलं, जिभेवर ठेवलं आणि आचाऱ्याला म्हणाला, "महाराज, दाल ठीक है, पानी भारी है. उस पीपल के नीचेवाले कुएँ का लाओ." आचारी चिडला. तो म्हणाला, तीस वर्षं झाली डाळ शिजवून राहिलो, आता मला पँटवाला शिकवणार. पण मी दोन माणसं पाठवली. विहिरीच्या पाण्यात दुसरी डाळ चढवली ती अर्ध्या तासात मऊ झाली. जेवताना आचाऱ्यानं गजभियेच्या पानावर न विचारता तीनदा तूप वाढलं.

एक गोष्ट आहे, ती लिहू नये असं घरचे म्हणतात. मी लिहितो. टॉवरखालच्या केबिनमध्ये माझा स्वतःचा मडका होता. गजभिये नवा नवा आला तेव्हा मी त्याला पाणी द्यायचो ते खिडकीत वेगळ्या ठेवलेल्या ग्लासात. तो बौद्ध, आणि मी कोणत्या घरात वाढलो ते मला ठाऊक. त्यानं दोन दिवस त्या ग्लासातलं पाणी प्यायलं. तिसऱ्या दिवसापासून स्वतःची बाटली घेऊन यायला लागला. मी ग्लास खिडकीतच राहू दिला. वर्षं गेली.

आता पाण्याचं सांगतो. बिजलीघरात कोळसा जळतो ते सगळ्यांना दिसतं. पाणी जातं ते दिसत नाही. टॉवरवरून पांढरा ढग निघतो, त्याला पाटणच्या बसमधले लोक धूर म्हणत. तो धूर नव्हता, ती आमची नदी होती. मशीन थंड करून आलेलं गरम पाणी टॉवरवरून खाली पाडायचं, वाऱ्यानं गार करायचं आणि पुन्हा मशीनकडे पाठवायचं. दर फेरीला थोडं उडून जातं आणि उरलेलं आमटीसारखं आटत जातं, खार वाढत जातो. फार वाढला तर वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरच्या नळ्यांत आतून पापडी धरते, आपल्या घरच्या बंबात धरते तशी. म्हणून आटलेलं पाणी थोडं नाल्यात सोडायचं आणि नदीचं ताजं घ्यायचं. किती सोडायचं, किती घ्यायचं, हाच सगळा खेळ.

आमची नदी लहान, पुढं जाऊन नर्मदेला मिळणारी. तिच्यावर बंधारा घातला होता. अलीकडच्या काठाला आमचे तीन पंप, पलीकडच्या काठाला केवटांचं, म्हणजे नावाड्यांचं, गाव. गावाचं पिण्याचं पाणी याच बंधाऱ्यातून एका पाइपानं जायचं. आमचे तिन्ही पंप चालले की जेठ महिन्यात, म्हणजे भर उन्हाळ्यात, पाणी उतरायचं आणि गावाचा पाइप वर लटकायचा. राज्य तुटून छत्तीसगड वेगळं झालं, मोठमोठी बिजलीघरं तिकडं गेली. इकडे आमची म्हातारी दोन युनिटं राहिली, त्यांना घासून घासून चालवत होतो. कोणाच्या पाइपाकडे पाहायला फुरसत नव्हती.

एका जेठात गावातल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन गेटवर आल्या. पहारेकरी त्यांना हाकलत होता. गजभिये नदीचं पाणी तपासायला बाटलीत भरून परत येत होता. एका म्हातारीनं, सुखिया नाव तिचं, त्याच्या हातातली बाटली पाहिली आणि त्याला अडवलं. "भैया, तुम तो बोतल भर लाए. हमाओ पाइप तो हवा में टँगो है. तुमाओ कारखानो नदिया पी गओ."

तो उन्हात उभा राहिला. मग म्हणाला, "अम्मा, अगले जेठ में पाइप पानी में रहेगा."

मी तिथंच होतो. आत आल्यावर मी त्याला झापलं. काहून वचन देऊन आले? पंप काय तुमच्या बापाचे आहेत?

"पंप नाही, दादा. पण पाणी किती लागते ते सांगणं माझं काम आहे. आपण उगाच जास्त घेऊन राहिलो."

त्याचं म्हणणं असं, की आपण पाणी दोन फेऱ्या फिरवून फेकतो, ते पाच फेऱ्या चालू शकतं. औषधाचा डोस बरोबर ठेवायचा, रोज तपासायचं आणि नाल्याचा व्हॉल्व्ह नेमका धरायचा. असं केलं तर जेठात तिसरा पंप लावावाच लागणार नाही. तीन महिने तो हे घेऊन मोठ्या साहेबांच्या दारात उभा राहिला. साहेब वाईट नव्हते, भित्रे होते. शेवटी म्हणाले, करो, पण नळ्यांत पापडी धरली तर कागदावर नाव तुमचं राहील. गजभियेनं तिथंच त्यांच्या टेबलावर वाकून तसं लिहून दिलं. त्याच्या मुलीच्या लग्नाला चार महिने होते. नोकरीवर डाग लागला असता तर डॉक्टरांकडे कोणत्या तोंडानं गेला असता, ते त्यानं लिहिताना मनात धरलं की नाही, देव जाणे.

माझा यावर विश्वास नव्हता. मी ते त्याच्या तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, विश्वास नका ठेवू, व्हॉल्व्ह तेवढा धरा.

आणि इथं घोळ झाला. आमच्या खात्यात एक जुनी रीत होती, कुठल्या कागदावर नसलेली. शिफ्ट दुसऱ्याच्या हाती देण्याआधी नाल्याचा व्हॉल्व्ह दोन चक्कर जास्त खोलायचा. मला माझ्या उस्तादानं शिकवलं होतं, "अगले आदमी को जूठा पानी मत देना." वापरलेलं पाणी उष्टं, ते काढून टाकून थोडं ताजं भरून द्यायचं, घरी आपण पाहुण्यापुढं धुतलेलं ताट ठेवतो तसं. चांगला व्हॉल्व्हवाला तोच, असं आम्ही मानत होतो. ते इतकं अंगात भिनलं होतं की आपण काही करतो आहोत हे पण ध्यानात येत नव्हतं.

गजभियेच्या वहीत खार चढायचा आणि दर दिवशी एका ठरावीक वेळेला घसरायचा. आठ दिवस झाले, आकडे जमेनात. मोठ्या साहेबांनी विचारलं की हे काय चाललं आहे, बंद करायचं का? तो म्हणाला, नवीन काम आहे, माझा हात बसायला वेळ लागेल. माझा हात म्हणाला. मग दुपारी माझी शिफ्ट संपायच्या वेळेला तो स्टूल घेऊन व्हॉल्व्हजवळ येऊन बसायला लागला. पहिल्या दिवशी आम्ही त्याच्या मुलीच्या साड्यांवर बोललो. दुसऱ्या दिवशी माझ्या गुडघ्यावर. तिसऱ्या दिवशी मी त्याच्याशी बोलता बोलता उठलो, चाकाला हात घातला आणि फिरवला.

"दादा, किती चक्कर?"

"दोन."

"कधीपासून?"

"उस्तादानं शिकवलं तेव्हापासून."

तो ओरडला असता तर मी पण ओरडलो असतो, आणि ते बरं झालं असतं. तो मला लॅबमध्ये घेऊन गेला. तीन चंबू मांडले. एकात नदीचं पाणी, एकात टॉवरचं, एकात मी आत्ता नाल्यात सोडलेलं. तिन्हींत थेंब सोडून दाखवले. तिसऱ्याला रंग बदलायला दुसऱ्याइतकेच थेंब लागले, एक थेंब इकडे तिकडे. म्हणजे मी फेकत होतो ते पाणी जे चालू होतं तेच, अजून तीन फेऱ्या मारणारं. मी म्हटलं, ते काही असो, उष्टं ते उष्टं.

त्यानं चंबू खाली ठेवला. "पाणी उष्टं नसते, दादा. आमच्या लोकांनी हात लावला की तळं बाटते म्हणत होते. माझ्या आजोबाले ओंजळीत वरून ओतून पाणी देत होते. म्हणून माझ्याच्यानं ते फेकवत नाही."

आवाज चढला नव्हता. खिडकीतल्या ग्लासाचं नाव त्यानं तेव्हाही घेतलं नाही. मला मात्र त्या खोलीत दुसरं काही दिसत नव्हतं.

मी माफी मागितली नाही. माझ्या स्वभावात नाही ते. दुसऱ्या दिवशी केबिनमधला तो ग्लास फोडला आणि गजभिये आला तेव्हा माझ्याच लोट्यात मडक्यातलं पाणी दिलं. त्यानं लोटा उंच धरून प्यायलं नाही, ओठाला लावून प्यायलं. मग विचारलं, "मडका कुठला? पाणी छान लागते." मी म्हटलं, पनागरचा कुंभार.

पण रीत एका माणसाची नव्हती. तिन्ही शिफ्टचे जुने हात तेच करत होते, वहीतलं माझ्या वेळेचं घसरणं फक्त सगळ्यात मोठं होतं, कारण माझे दोन चक्कर म्हणजे दुसऱ्याचे तीन. मी एकेकाला गाठलं. म्हटलं, या चाकाला आता कोणी उस्तादाच्या नावानं हात लावला तर त्याची गाठ माझ्याशी. एक जण म्हणाला, दादा, तुम्हीच तर शिकवलं होतं. मी म्हटलं, मीच शिकवलं, आता मीच सांगून राहिलो. मग चाकावर चुन्यानं रेघ मारून दिली. लॅबमधून सांगतील तेवढंच, रेघेच्या पुढं नाही. हट्टी माणसाचा एवढा तरी उपयोग व्हावा.

त्यानंतर गजभियेच्या वहीतला खार एका जागी उभा राहिला. वार्षिक दुरुस्तीला कंडेन्सर उघडला तेव्हा मोठे साहेब स्वतः टॉर्च घेऊन आले. गजभिये त्यांच्या मागे उभा होता, रिकाम्या हाताचं मनगट फिरत होतं. साहेबांनी एका नळीत बोट घातलं, बाहेर काढून पाहिलं, पुन्हा दुसऱ्या नळीत घातलं. बोट कोरडं आणि साफ. म्हणाले, "चलो." एवढंच म्हणाले. गजभियेला तेवढं पुरलं.

जेठ आला. तिसरा पंप बंद ठेवला होता. मी रोज काठावर जाऊन पाहायचो आणि येऊन सांगायचो, पाइप बुडालेला आहे. तो मान हलवायचा. पण महिना सरता सरता ऊन असं तापलं की बंधाराच आटला आणि चार दिवस पाइप पुन्हा वर लटकला. मी म्हटलं, एवढा महिना पाणी मिळालं, गाववाले धन्य मानतील, गप्प राहा. तो पुलावरून लांबचा फेरा घेऊन स्कूटरवर गावात गेला. मी मागं बसलो. सुखियाबाई दारात महुआची फुलं निवडत होती. तिच्यापुढं उभा राहून म्हणाला, अम्मा, चार दिन का झूठा निकला मैं.

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "बैठ जा," म्हणाली. "तें पहलो आदमी आए जो गिनती बताबे आओ." आकडा सांगायला आलेला तू पहिलाच माणूस, असं म्हणत आत जाऊन गूळ आणला आणि आम्हा दोघांना पाणी दिलं. त्यानं विचारलंच, पाणी कुठलं? ती म्हणाली, तुमच्याच नदीचं, आता पी.

ते चार दिवस त्याच्या मनात काट्यासारखे राहिले. पुढच्या वर्षांत दोनाचे झाले, एकदा पाचाचे. पूर्ण मिटले नाहीत. चहा फिरवता फिरवता मधेच म्हणायचा, चार दिवस, दादा.

मग हुकूम आला की आमची दोन्ही युनिटं बंद होणार. कोळसा महाग, मशीन म्हातारी आणि उन्हाच्या पाट्यांची, सोलरची, वीज स्वस्त. राखेच्या मैदानावर त्या पाट्या अंथरायला लागले. मला राग आला होता, अजून थोडा आहे. मी आयुष्यभर ज्या मशीनच्या जिवावर शहरात दिवे लावले, तिच्या जागी आरशासारखी एक पाटी, जिला आवाज नाही की गरमी नाही. जवान पोरांना तिकडं पाट्या पुसायच्या आणि तारा जोडायच्या कामावर घेतलं, मला निवृत्तीचा हार घातला. गजभियेचं पण वर्षभरच राहिलं होतं. मी त्याला म्हटलं, तुमची लॅब पण गेली, तुम्हाला वाईट नाही वाटत?

"वाटते ना," तो म्हणाला. "पण त्या पाटीले पाणी फक्त तोंड धुवायले लागते, दादा."

नंतर मुलगी-जावई नागपूरला गेले, तो त्यांच्याकडे राहायला गेला, आणि मागच्या हिवाळ्यात तिथंच वारला. मला फोन उशिरा आला. मातीला जाता आलं नाही. त्याला शेवटचं पाहिलं ते पंप काढले त्याच्या दुसऱ्या वर्षी, जेठातच. तो नागपूरहून चार दिवस आला होता, मला घरून उचललं आणि म्हणाला, काठावर जाऊ.

तिन्ही पंप निघाले होते. आधी आमच्या काठाजवळ पाणी ओढलं जायचं म्हणून डब्यांची दोरी लावलेली असायची, इकडे डोंगा, म्हणजे छोटी होडी, आणायची कोणाला परवानगी नव्हती. दोरी पण काढली होती. गावातला एक केवट पहिल्यांदाच या काठाला डोंगा लावून बसला होता, विडी ओढत. गजभियेनं बूट काढून हातात घेतले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि डोंग्यात चढला. मला म्हणाला, चला. मी म्हटलं, मला पोहता येत नाही. तो म्हणाला, मला कुठं येते?

मी काठावर बसून राहिलो. डोंगा पलीकडे गेला. तो पाइपाजवळ उतरला नाही, डोंग्यातच उभा राहिला, डगमगत. मी उठून उभा राहिलो. त्यानं केवटाच्या हातातला बांबू घेतला, पाइपाच्या तोंडावर टेकवून पाण्यात उभा धरला, मग वर काढला. इतक्या लांबून त्याचं तोंड दिसत नव्हतं आणि ओरडला तर ऐकू येणार नव्हतं. त्यानं तो ओला बांबू स्वतःच्या बाजूला उभा केला, भिजल्याची खूण जिथं संपत होती तिथं हात ठेवला आणि मला दिसावं म्हणून माझ्याकडे तोंड करून तसाच थांबला. हात छातीशी होता. पाइपावर छातीभर पाणी, जेठात.